खपली पडेपर्यंत

४ फेब्रुवारी

पोचले. गाडी वेळेवर आली, सामान घ्यायला भाऊजी स्वतः आले होते आणि घर मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच उजेडाचं निघालं. दुसरा मजला, तीन खोल्या. पुढच्या खोलीच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. माझ्यासाठी मागची खोली रिकामी केली आहे. कपाटाचे दोन कप्पे, एक टेबल, उशीला धुतलेला अभ्रा.

दार भाऊजींच्या आईंनी उघडलं. मी त्यांना काकू म्हणते. त्यांचा शिवणाचा क्लास होता. गुडघे दुखायला लागल्यावर बंद केला, पण कात्री अजून नाडीने गळ्यात अडकवलेली असते. त्यांनी मला लगेच आत घेतलं नाही. आधी हात धू, मग तोंड धू, आणि रडायचं असेल तर तेही बाथरूममध्येच उरकून ये, म्हणाल्या. मी तिन्ही कामं उरकून आले तेव्हा बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, घे, ही तुझी नवी मालकीण, पगार देणार नाही पण चोवीस तास ओरडेल.

ताईची मुलगी आज सव्वीस दिवसांची आहे. नाव अजून ठेवलेलं नाही. भाऊजी तिला चिमूट म्हणतात. तिने माझं बोट धरलं ते सोडलंच नाही. भाऊजी म्हणाले, शेपूट आलं, आता घर पुरं झालं. शेपूट हे ताईने मला ठेवलेलं नाव. लहानपणी मी सतत तिच्या मागे असायचे. ताई गेल्याला सतरा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत मी आज पहिल्यांदा हसले.

ही वही लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी दिली. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे रक्त-लघवीच्या तपासण्या केल्या. नोकरी सोडते म्हटल्यावर त्या म्हणाल्या की रोज जे घडलं ते साधेपणाने लिही, दुःख आत धरून बसलीस तर शरीर ते दुसरीकडून बाहेर काढतं. वहीत अजून नमुना क्रमांकाचे रकाने छापलेले आहेत. मला लिहायची सवय नाही. पण सांगितलं ते करते.

५ फेब्रुवारी

दिवसाचं वेळापत्रक बसतंय. दर तीन तासांनी पावडरचं दूध. बाटल्या काकू उकळतात. काकू सगळंच उकळतात. बूच, वाटी, चमचा, लंगोट. भाऊजी म्हणतात, मी जपून राहतो, एखाद्या दिवशी मलाही पातेल्यात घालतील. भाऊजी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढतात. सकाळी नऊला जातात, सहाला येतात.

कामवाली बाई गेल्या आठवड्यात एकदा खोकली, तर काकूंनी तिला पंधरा दिवसांची सुट्टी दिली, पगारी. या घरात जो शिंकेल तो बाहेर, असं त्यांनी मलाही सांगितलं. थट्टेने नाही.

अजून एक गोष्ट सांगितली. भाऊजींची वहिनी दुसऱ्या गावी असते, तिला मूल नाही, ती बाळ न्यायला तयार आहे. भाऊजींनी नको म्हटलं ते माझ्या भरवशावर. तुला जमलं तर ठीक, नाही जमलं तर लाजू नकोस, तसं सांग, म्हणाल्या. मी जमेल म्हटलं. माझ्या भाड्याच्या खोलीत परत जाऊन मी काय करणार आहे ते मला माहीत नाही.

७ फेब्रुवारी

काकूंनी आज लंगोटांना दुमड घालता घालता ताईचे शेवटचे दिवस सांगितले. मला फोनवर अर्धंच कळलं होतं.

ताईच्या ओठावर बाळंतपणाच्या आदल्या दिवशी फोड आले होते. तिला नेहमीच यायचे. नर्सने पाहिलं आणि बजावलं की खपली पडेपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही. मोठ्या माणसाला हे काहीच नाही, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगात गेलं तर मेंदूपर्यंत पोचतं आणि बाळ हातचं जातं. ताई आठ दिवस मास्क लावून बाळाला घ्यायची. बाळ झोपलं की आरशात जाऊन खपली बघायची. काकू तिला म्हणायच्या, अगं बघून बघून पडणार आहे का ती. आठव्या दिवशी खपलीची एक कड सुटली होती. ताई म्हणाली, उद्या.

नवव्या दिवशी सकाळी ती बाथरूममधून आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि आडवी झाली. फुप्फुसात रक्ताची गुठळी. खपली तिच्याबरोबरच गेली.

म्हणजे ताईने आपल्या मुलीचा पापा एकदाही घेतला नाही.

९ फेब्रुवारी

सकाळपासून खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात चुणचुण आहे. ही चुणचुण मी ओळखते.

लहानपणी आम्हा दोघींत एकच लिमलेटची गोळी मिळायची. ताईने त्यावर नियम काढला होता. गोळी तिच्या तोंडात असताना ती दहा मोजायची, मग बाहेर काढून माझ्या तोंडात घालायची, मग मी दहा मोजायचे. तोंडात गोळी असल्यामुळे बोलून मोजता यायचं नाही. अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची. दहा झाले की द्यायचीच, रडारड चालायची नाही. गोळी शेवटी कागदासारखी पातळ व्हायची आणि तिला आमच्या दोघींच्या थुंकीची तार सुटायची. आम्हाला त्याची किळस कधी वाटली नाही.

ताईला प्रत्येक परीक्षेत ओठावर फोड यायचे. मला पहिल्यांदा आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिचाही डावा कोपरा, माझाही डावाच.

हर्पिसचा विषाणू एकदा आला की जात नाही. फोड सुकतात आणि तो कानापुढच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल सोडतं. थोडा वेळ ते ठीक असतं. पण तेच महिनोनमहिने वाढलेलं राहिलं की शरीराचा पहारा बहिरा होतो. आमच्या लॅबच्या इमारतीत आगीची घंटा होती. पहिल्यांदा वाजली तेव्हा सगळे जिन्यावरून धावले. मग ती बिघडली आणि रोज वाजायला लागली. त्यानंतर खरी आग लागली असती तरी कोणी डबा सोडून उठलं नसतं. शरीराचं तसंच होतं, आणि तेवढ्यात विषाणू जागा होऊन त्याच मज्जातंतूवरून ओठापर्यंत उतरतो.

हे सगळं मला पाठ आहे. पण माझ्या गालात तीस वर्षं जे झोपलं आहे ते ताईच्या तोंडातलं आहे, हे मी आजपर्यंत असं कधी म्हटलं नव्हतं. ताईचं बाकी सगळं जाळून झालं. तेवढंच जिवंत आहे.

१० फेब्रुवारी

चार फोड. पाण्याने भरलेले, एकमेकांना चिकटलेले. मोजपट्टीने ५ मिलिमीटर.

सांगायला हवं होतं. सकाळी काकू समोर होत्या, मी तोंड उघडलंही. पण वहिनीचा फोन आला आणि काकू तिला म्हणत होत्या की नाही नाही, अजून तरी पोरीला जमतंय. मी मास्क लावला आणि धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांगितलं. काकू खूश झाल्या. शिकलेलं माणूस घरात असलं की असं असतं, म्हणाल्या.

हात दर वेळी साबणाने धुते. मास्क दिवसातून चार बदलते, जेवायला सगळ्यांनंतर एकटीच बसते. पापा घेत नाही, तोंड जवळ नेत नाही. नीट काळजी घेतली तर धोका नाही, हे मला माहीत आहे. अकरा वर्षं मी लोकांचा कफ, पू, शौच हाताळलं, एकदाही काही झालं नाही.

१२ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

सकाळी व्हिटॅमिनच्या थेंबांच्या बाटलीचा ड्रॉपर बाद झाला. काकूंनी तोही उकळला होता, रबर चिरलं. मी माझ्या बॅगेतली काचेची पिपेट, थेंब मोजायची बारीक नळी, काढली. लॅबमधल्या जुन्या टेक्निशियननी, ज्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, निरोपाच्या दिवशी दिलेली. एक मिलिलिटरची खूण बरोबर आहे. काकूंनी पिपेट उकळून घेतली आणि मग मी चिमूटला थेंब दिले. तिला चव आवडते, मिटक्या मारते.

दुसरं म्हणजे फजिती. डॉक्टरबाईंनी माझं कॉर्टिसॉल बघायचं ठरवलं आहे. त्यासाठी सकाळी उठल्यावर आणि झोपताना छोट्या नळीत थुंकी गोळा करायची. मी नळ्या फ्रिजच्या दारात ठेवल्या होत्या. काकूंनी एकीचं झाकण काढून वास घेतला आणि विचारलं की अंड्याचं पांढरं एवढ्याशा नळीत कोणी भरलं, केसांना लावतेस का. खरं सांगितलं तेव्हा त्यांनी नळी जागच्या जागी सोडली. मग फ्रिज पूर्ण रिकामा करून धुतला. रात्री भाऊजींना जेवताना हसू आवरत नव्हतं. मीही हसले. हसताना फोड फुटला आणि मास्कच्या आत पाणी ओघळलं. कोमट होतं. मी ते चाटलं. का ते माहीत नाही. लिंबाची चव होती.

नळ्या कुरियरने पाठवल्या.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा फोन. निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं, रात्री अगदी खाली जातं. माझा रात्रीचा आकडा सकाळपेक्षा जास्त आला. त्या म्हणाल्या, तुझ्या शरीरात रात्र होतच नाहीये. पांढऱ्या पेशींनी काम टाकून दिलं असेल. ओठाचं सांगितल्यावर म्हणाल्या की गोळ्या सुरू कर, घरात सांग आणि मुख्य म्हणजे घाबरू नकोस, घाबरशील तेवढं ते वाढेल.

तेव्हापासून मी घाबरत नाही ना हे तपासते आहे. तपासलं की छाती धडधडते. छाती धडधडली की ओठ ठणकतो.

९ मिलिमीटर. फोडांची रांग आता हनुवटीकडे वळली आहे. मधल्या फोडांवर पिवळी साय धरली आहे. दूध उतू गेल्यावर भांड्याच्या कडेला धरते तशी.

१६ फेब्रुवारी

दार लावून लिहिते आहे.

सकाळी मी चिमूटला थेंब देत होते. काकू दारात उभ्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, कमाल आहे तुझी, बघायला मिळतं ते एकेक, आम्ही तर पेट्रोल असं काढायचो स्कूटरमधून.

मी खाली पाहिलं. मास्क हनुवटीवर होता. पिपेट माझ्या तोंडात होती.

मास्तरांनी मला तशीच शिकवली होती. तोंडाने ओढायचं, खुणेशी आलं की जिभेच्या टोकाने थांबवायचं, मग वर बोट दाबायचं. पुढे त्यावर बंदी आली, रबरी फुगे आले, डॉक्टरबाई ओरडायच्या. पण मास्तर आणि मी घाईत असलो की तोंडानेच ओढायचो. हात ते करून मोकळा व्हायचा, डोक्याला कळायचंही नाही.

पाच दिवस. पाच वेळा. मास्क खाली करून, ओठ काचेवर दाबून, आणि तीच काच तिच्या तोंडात.

काकूंना फक्त पिपेट दिसली. माझ्या ओठाचा डावा कोपरा भिंतीकडे होता.

१७ फेब्रुवारी

वजन करायचं निमित्त काढून चिमूटला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डोळे, टाळू, त्वचा सगळं पाहिलं. गुटगुटीत आहे, म्हणाले. माझ्या मास्ककडे पाहून विचारलं की सर्दी आहे का. मी धूळ म्हटलं. एक वाक्य पुरे होतं. माझ्या तोंडून निघालं नाही.

डॉक्टरबाईंना मैत्रिणीचं म्हणून विचारलं. लक्षणं दिसायची तर बारा दिवसांच्या आत दिसतात, म्हणाल्या. अंगावर फोड, दूध न पिणं, सुस्ती. शेवटची वेळ काल. म्हणजे २८ तारखेपर्यंत.

पिपेट फोडून कचऱ्यात टाकली.

१९ फेब्रुवारी

आज चिमूटच्या मानेवर लाल पुळी होती. मी तिच्यावर वाकून किती वेळ बसले होते कोण जाणे. काकूंनी येऊन बघितलं, घामोळं आहे, म्हणाल्या, तू तिला तीन दुपट्यांत गुंडाळतेस आणि वर विचारतेस. दुपारपर्यंत पुळी गेली.

मी वाकले होते तेवढ्या वेळात ओठावरचे फोड टचटचीत भरले. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तेव्हा फोड ओसरले. म्हणून मोजलं. पाळण्याशी १४ मिलिमीटर. गच्चीवर ८. पुन्हा पाळण्याशी १४. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. फोडांना इतक्या लवकर भरता येत नाही.

२० फेब्रुवारी

गोळ्या घेते आहे. मलम लावते आहे. उपयोग नाही. खपली धरते, दोन तासांत पडते, खाली नवे फोड तयार असतात.

पडलेल्या खपल्या फेकवत नाहीत. नमुन्याच्या छोट्या बाटलीत ठेवते. आज सतरा झाल्या. बाटलीवर लेबल हवं म्हणून लावलं. नमुना क्रमांक १. रुग्णाच्या नावापुढे मी माझं नाव लिहायला गेले आणि ताई असं लिहून झालं.

चहा पिताना कपाच्या कडेला एक चिकटली होती. ती मी गिळली हे नंतर कळलं. ओकले. ओकताना वाईट याचं वाटलं की एक कमी झाली. हे लिहिताना स्वतःची शिसारी येते आहे.

२२ फेब्रुवारी

भाऊजींनी जेवताना विचारलं की तू हल्ली ताईसारखी का बोलतेस. मी म्हटलं म्हणजे कशी. म्हणाले, वाक्य संपलं की ती जीभ टाळूला लावून टक् करायची, तसं करतेस. ताट तसंच ठेवून उठले.

मी करत नाही. जीभ करते.

मास्कच्या आत वास येतो आहे. आंबलेल्या दुधाचा आणि खाली लिंबाचा.

२३ फेब्रुवारी

बाटलीतल्या खपल्या कोरड्या होत्या. आज बाटलीच्या आत दव धरलं आहे. खपल्या मऊ पडल्या आहेत, एकमेकींना चिकटल्या आहेत. पातळ, पिवळसर. मधे चीर.

ओठ आहे.

हलवली तेव्हा तार सुटली.

२४ फेब्रुवारी

आठवा दिवस. चिमूट ठीक. दूध पिते.

तिला घेतलं की ती मान वळवते, तोंड उघडते, माझ्या मास्ककडे येते. काकू म्हणाल्या, सगळी बाळं करतात, आई शोधतात, गालाला काही लागलं की तोंड वळतं. तिला मी काही लावलेलं नाही. ती मास्ककडेच वळते. आज मास्कचा ओला डाग तिने चोखायला —

ओढून बाजूला केलं. रडली. मला राग आला. माझा नाही. दुसऱ्या कुणाचा तरी, माझ्यात.

२६ फेब्रुवारी

काकूंना सांगायला गेले. म्हटलं, मला जायचंय. त्यांनी शिवण खाली ठेवलं. म्हणाल्या, कंटाळलीस का बाई. मी हो म्हणणार होते. तोंडातून आलं, नाही, खपली पडली की.

काकूंनी माझ्या मास्ककडे बघितलं. मग म्हणाल्या, कसली खपली.

खोलीत आले. दार लावलं.

घाबरायचं नाही. घाबरलं की तिला खायला मिळतं.

२७ फेब्रुवारी

१९ मिलिमीटर. मोजपट्टी पुरते, पण हात —

खालचा ओठ आता माझ्या इच्छेने मिटत नाही.

उद्या बारा दिवस. उद्या.

२८ फेब्रुवारी

बारा दिवस पुरे झाले. चिमूटला दिवसाउजेडी पूर्ण उघडी करून पाहिली. बोटांच्या बेचक्या, कानामागे, टाळू. एकही फोड नाही. सकाळी सगळं दूध प्यायली, ढेकर दिला, माझ्या खांद्यावर ओकली. सुटली. पिपेटमधून सुटली. मी भिंतीला टेकून रडले.

बॅग भरली. भाऊजी ऑफिसात, काकू डोळे तपासायला गेल्या आहेत. त्या आल्या की सगळं सांगून निघणार. वहिनी बाळ नेईल तर नेऊ दे. जिवंत राहील.

बाटली जाळायची म्हणून काढली. झाकण घट्ट. लेबल तसंच. आत काही नाही.

जिभेखाली काहीतरी आहे.

गोल. गुळगुळीत. लिंबाची चव.

थुंकले, निघत नाही. बोट घातलं. जीभ बोट बाहेर ढकलते —

भाऊजींना फोन केला. सगळं सांगितलं. ओठ, पिपेट, बाटली. त्यांनी विचारलं, तुझ्या तोंडात काय आहे. मग म्हणाले, तिला पाळण्यात ठेव, तू बाथरूममध्ये जा, आतून कडी लाव, मी निघालो, वीस मिनिटं.

ठेवलं. कडी लावली. बादली पालथी घालून बसले आहे. वही मांडीवर. लिहीत राहायचं. हात लिहीत असले की दुसरं काही करणार नाहीत.

रडते आहे. भुकेची वेळ. वीस मिनिटांच्या भुकेने काही होत नाही.

अजून सोळा मिनिटं असतील.

मास्क ओला होऊन गळून पडला. ओठावरून खाली वहीवर थेंब. पुसणार नाही.

ताई, ऐक. खपली पडलेली नाही. नर्सने सांगितलंय ना. अजून एक दिवस. तू आठ दिवस थांबलीस, अजून एक —

रडणं थांबलं.

झोपली. बरं झालं. झोपली.

वहीखाली ऊब आहे. दुपटं — कडी निघालेली आहे, मी उठले नव्हते, मी इथेच लिहीत होते, मांडीवर ती —

तोंड उघडते आहे. वळते आहे.

डाव्या हाताचा अंगठा पेरांवर फिरतो आहे. मी मोजत नाही. मी मोजत नाही ताई

सात

जिन्यात पावलं. भाऊजी. लवकर

आठ

न